तपासणाऱ्याचा रकाना

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी माझ्या जाळीच्या दारावर दोन टिचक्या पडत. दाराला घंटी होती, चालू होती, पण देवरे नानांनी ती कधी वाजवली नाही. दार उघडलं की समोर स्टीलची ताटली, तिच्यावर उपडी घातलेली दुसरी ताटली, नानांच्या काखेत शाळकरी वही आणि वहीत खोचलेलं पेन. नमस्कार नाही, बरं आहे का नाही. ताटली पुढे करत ते एकच शब्द बोलत, "तपासा."

मी वरची ताटली उचलायची. आत भाजलेल्या ब्रेडचे दोन त्रिकोण असत, कडा दाबून बंद झालेल्या, वर टोस्टरच्या शिंपल्यासारख्या रेषा उमटलेल्या. तिथंच उंबऱ्यात उभं राहून एक घास खायचा, काय वाटलं ते सांगायचं आणि वहीत सही करायची. मग नाना वही मिटत, "पास," असं स्वतःशीच म्हणत आणि समोरच्या त्यांच्या दारात शिरत. सगळं मिळून चार मिनिटं. नक्की सांगते, कारण सात पन्नासला मला कोपऱ्यावर अंबडची कंपनीची बस गाठायची असे, आणि फ्रिजवर लावलेल्या सकाळच्या यादीत ही चार मिनिटं कुठून तरी काढावी लागली होती. 'गीझर, गॅस, गॅलरीचं दार' या ओळीच्या वर मी लिहिलं होतं, 'नाना, ४ मि.'

इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं आहेत. एकात मी. आई गेल्यापासून एकटी. दुसऱ्यात नाना, कुसुमकाकू गेल्यापासून एकटे. आई आणि काकू एकाच वर्षात गेल्या. त्याआधी बारा वर्षं आम्ही समोरासमोर राहत होतो, पण बोलणं 'पाणी आलं का' आणि 'लिफ्ट बंद आहे वाटतं' याच्या पलीकडे गेलं नव्हतं. काकू गेल्यावर मी दोन दिवस डबा दिला, तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी स्मिता पुण्याहून आली, मग माझं काम संपलं असं मी धरून चालले.

टोस्टर स्मितानंच आणला. वडिलांनी गॅसपाशी फार उभं राहू नये, पण सकाळी पोटात काही गरम जावं, हा तिचा विचार. काळ्या रंगाची चपटी पेटीच ती. वर लाल आणि हिरवा दिवा, आत एका वेळी दोन सँडविच बसतील असे खळगे, समोर झाकण दाबून धरणारी क्लिप. चालू-बंद करायचं बटण नव्हतं. भिंतीतला प्लग लावला की चालू, काढला की बंद.

नाना मूळचे सटाण्याकडचे, घरची बोली अहिराणी. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. हातात आलेली कुठलीही वस्तू ते आधी उलटी करून बघत. टोस्टरही त्यांनी आठवडाभर नुसता अभ्यासला. पहिल्यांदा एकच सँडविच केलं, दुसरा खळगा रिकामा ठेवला. ते त्यांना पटलं नाही. पुढे मला त्यांनी समजावून सांगितलं होतं, "एकाच बाजूला माल भरला की झाकण तिरकं बसतं. क्लिपवर वाकडा ताण येतो. मशीन दोघांसाठी बनवलंय, मॅडम. एकट्यानं वापरायचं तरी भरायचं दोघांचं."

म्हणून ते दोन करू लागले. एक सकाळी खायचं, दुसरं दुपारी थंड. थंड सँडविच म्हणजे चपलेचा तळवा, हे त्यांचंच मत. महिनाभर तो तळवा चावल्यावर एका सकाळी ते माझ्या दारात आले.

"तुम्ही अंबडला स्टोअरला ना?"

"हो."

"मग मालाची पारख असंल. हे तपासा."

मी तोवर सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटं खात होते. उभ्यानंच. नाश्ता माझ्या यादीत नव्हता. आईसाठी करायची तेव्हा होता. ती गेल्यावर ती ओळ मी खोडली, आणि मिनिटं वाचली याचं तेव्हा बरंच वाटलं होतं.

वहीत सहा रकाने त्यांनी पट्टीनं आखले होते. तारीख, ब्रेड, आतला माल, दोष, काम करणारा, तपासणारा. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "नाना, सही कशाला? सँडविच आहे हे."

"आपलं काम आपणच पास करायचं नसतं," ते म्हणाले. "विमानाचं एक झाकण बसवलं तरी दोन सह्या लागतात. बसवणाऱ्याची एक, बघणाऱ्याची एक. वर गेल्यावर उतरून बघता येत नाय."

"पण हे वर जाणार नाहीये."

"म्हणून तर एकच बघणारा ठेवलाय."

आतला माल रोज वेगळा असे. बटाटा, कांद्याची पात, शेंगदाण्याची चटणी. रविवारी कोणी मिसळ दिली तर सोमवारी तिच्यातली मटकी निथळून, कोरडी करून ब्रेडमध्ये. ही मटकी मला आवडते हे त्यांनी तोंडानं कधी विचारलं नाही, पण वहीत सोमवार मटकीचाच होत गेला. मिरची कुटताना मात्र त्यांना हात आवरत नसे. एकदा मी डोळे पुसत म्हटलं, "नाना, दोष लिहा. तिखट."

"तो दोष नाय. ती तुमच्या जिभेची क्षमता."

"तुम्हा इन्स्पेक्टर लोकांना माल चांगला असला तरी पसंत पडत नाही, आणि आपला असला की दोष दिसत नाही."

"आणि तुम्हा स्टोअरवाल्यांकडं माल असतो, फक्त सापडत नाय." हसताना त्यांचा एकच खांदा हलायचा, डावा.

ज्या वस्तूत बिघाड असेल तिला ते लाल कागदाची चिठ्ठी बांधत. बाथरूमचा गळका नळ, गॅलरीतला दिवा. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकू लागली तर तिच्या दाराला त्यांनी सुतळीनं लाल चिठ्ठी बांधली, 'वापरास अयोग्य. सही, देवरे.' सोसायटीच्या अध्यक्षांनी वर येऊन विचारलं, "नाना, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" नाना म्हणाले, "अधिकार नाय हो. डोळे हायेत." लिफ्टवाला त्याच दिवशी आला. त्यानंतर गुडघे दुखले की नाना म्हणत, "डाव्याला लाल चिठ्ठी लागलीय. उजव्यावर चालतंय."

एक गोष्ट मात्र ते विनोदानं घेत नसत. सुरुवातीला एकदा बसची घाई होती. मी घास खाल्ला, काही न बोलता वहीत 'मीठ कमी' लिहिलं, सही केली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी ताटली पुढे आली नाही. नाना वही उघडून उभे होते.

"हे काल लिहिलं तुम्ही?"

"हो. कमी होतं मीठ."

"कमी होतं, बरोबर हाय. पण मला सांगितलं नाय. दोष आधी काम करणाऱ्याला दाखवायचा. तोंडावर. मग कागदावर. आधी कागदावर गेला की ती तपासणी नाय, ती चुगली."

मी चुकले म्हटलं. त्यांनी लगेच ताटली पुढे केली. त्या दिवशी मीठ इतकं नेमकं होतं की वहीत लिहायला काही उरलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मी सुट्टीलाही सात वाजता उठू लागले. भावाकडे नगरला गेले की तिसऱ्या दिवशी परत यायची. भावजय म्हणायची, "ताई, तुमचं कोण वाट बघतंय तिकडे?" मी म्हणायची, "कोणी नाही गं, कामं आहेत." परत आल्यावर गेल्या दोन दिवसांच्या सह्या करू का, असं एकदा नानांना विचारलं. ते म्हणाले, "बघितलं नाय त्याची सही कशी?" ते दोन चौकोन कोरेच राहिले.

मग काही गोष्टी घडू लागल्या. एका आठवड्यात दोनदा मीठ दुप्पट. मी सांगितलं, नानांनी लिहिलं. एकदा ताटलीत चार कोरे स्लाइस, न भाजलेले, आत काही नाही. नाना माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. "आज कच्चा माल आलाय," मी म्हटलं. त्यांचा खांदा हलला नाही. एका संध्याकाळी कामावरून आले तर त्यांचं दार उघडं, ते झोपलेले, आणि स्वयंपाकघरात टोस्टर रिकामाच, पण प्लग लावलेला. हात लावून बघितला तर पाट्या तापलेल्या. मी प्लग काढला आणि त्यांना उठवलं नाही. सांगितलंही नाही. उगाच कशाला मनाला लावून घेतील, असं मला वाटलं. मी ते माझ्या मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. मी सगळंच लिहून ठेवते.

त्यानंतरच्या गुरुवारी सात वीसला टिचक्या पडल्या नाहीत. सात पंचवीसला मी समोर गेले. सकाळी उठल्यावर ते दाराची कडी काढून ठेवत, म्हणून आत जाता आलं. स्वयंपाकघरात धूर. टोस्टरच्या फटीतून काळं काहीतरी बाहेर आलेलं. मी प्लग ओढला, खिडकी उघडली. नाना गॅलरीत काकूंच्या शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालत होते.

"नाना, टोस्टर."

ते वळले. हातातल्या तांब्यातून पाणी फरशीवर सांडत होतं. "आज लवकर आलात, मॅडम?"

मी पाट्या पुसल्या, काळे ब्रेड फेकले, त्यांना चहा करून दिला. बसला तीन मिनिटं उरली होती. "आज काही करू नका. संध्याकाळी येते," असं सांगून मी धावले. बसमध्ये बसल्यावर मोबाइल काढला. स्मितानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "शैलाताई, बाबांचं काही वेगळं वाटलं तर कळवा." मी यादी केली. पाच ओळी, क्रमांकासहित, प्रत्येकीपुढे तारीख आणि काय घडलं ते. पाचवी ओळ त्या सकाळची. गरवारे पॉइंट यायच्या आत पाठवून दिली. कामांतलं एक काम उरकल्यावर वाटतं तसं वाटलं.

स्मिताचं उत्तर दुपारी आलं. 'शनिवारी येते. बाबांना सांगू नका.' संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले नाही. सांगायचं नाही म्हटल्यावर बोलायचं काय, हे मला कळेना.

शुक्रवारी सात वीसला टिचक्या पडल्या. नानांच्या हातात ताटली नव्हती. नुसती वही होती, बोट मध्ये घालून धरलेली.

"मॅडम, जरा बोलायचं होतं."

"नाना, आज फार घाई आहे. उद्या बोलू?"

"बरं," ते म्हणाले. मी कुलूप लावून जिना उतरले. पहिल्या वळणावरून वर बघितलं तेव्हा ते तिथंच उभे होते.

शनिवारी स्मितानं मला बोलावून घेतलं. तीही दमलेली होती, रात्रभर झोपली नसावी. तिनं वडिलांना हळूच सगळं सांगितलं आणि ते ऐकेनात तेव्हा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. नानांनी चष्मा लावला. माझी यादी बोट फिरवत वाचली, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. मग पुन्हा चौथ्या ओळीवर आले.

"हे मला ठाऊक नव्हतं. दिवसभर प्लग लावलेला होता?"

"हो, नाना," मी म्हटलं.

"ह्या बरोबर लिहितात," ते स्मिताला म्हणाले. "यादीत काही चूक नाय. पोरी, हे बरोबर शे."

एवढं बोलून त्यांनी पुण्याला जायला होकार दिला. चार दिवस वाद चालेल अशा तयारीनं आलेली स्मिता आत जाऊन रडली. बाहेर आम्ही दोघंच उरलो.

"कुसुम होती तवा ती सांगायची," नाना म्हणाले. "दोनदा मीठ घातलं, नळ चालू ठेवला. तिचा डोळा होता. ती गेली, मग मी तुमच्या दारात आलो. एकट्याला काय कळतंय आपण चुकलो ते? सँडविचचं सोडा हो. मला बघणारा पाहिजे होता."

मी म्हटलं, "नाना, मी तुमच्या काळजीनंच..."

"काळजीनंच. मला कळतं." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "फक्त आधी मला दाखवायचं होतं."

पुढच्या रविवारी ते गेले. सामान दोन बॅगा. टोस्टर त्यांनी खोक्यात घालून माझ्याकडे दिला. त्याला चिठ्ठी बांधलेली होती, पांढरी. 'वापरास योग्य. दोन्ही बाजू भरणे.' गाडीत बसताना त्यांनी मला नमस्कार केला, हात जोडून, जसा बाहेरच्या माणसाला करतात.

ते खोकं मी पंधरा दिवस उघडलं नाही. उघडलं तेव्हा तळाशी वही निघाली. शेवटची नोंद त्या गुरुवारची होती, अक्षर नेहमीसारखं सरळ. 'ब्रेड, चार स्लाइस. आतला माल, मटकी.' मटकी. गुरुवार असून. दोषाच्या रकान्यात मावत नव्हतं म्हणून त्यांनी खाली दोन ओळी जास्त घेतल्या होत्या. 'जळाला. प्लग लावून गॅलरीत गेलो, आठवलं नाही. हल्ली वाढलंय. स्मिताला कळवावे का, मॅडमशी बोलून ठरवणे.' पुढे काम करणाऱ्याची सही. तपासणाऱ्याचा रकाना कोरा.

शुक्रवारी ते हेच घेऊन उभे होते. माझ्याकडे तीस मिनिटं होती. बसथांबा चार मिनिटांवर आहे.

मी वही घेऊन पुण्याला गेले, पण लगेच नाही. आज जाऊ उद्या जाऊ करत पाच महिने काढले. यादीत दर आठवड्याला ती ओळ पुढे ढकलत राहिले. गेले तेव्हा नाना खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अंगावर स्वच्छ शर्ट, बटणं बरोबर लावलेली, लावणारं दुसरं कोणीतरी. स्मिता म्हणाली, "बाबा, कोण आलंय बघा." त्यांनी बघितलं. "या," म्हणाले, तेही तसंच, बाहेरच्या माणसाला म्हणतात तसं.

मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी ती उलटी करून बघितली, मग उघडली. बोट रकान्यांवरून सरकत गेलं आणि शेवटच्या पानावर थांबलं.

"इथं सही नाय."

"राहिली, नाना."

"कोणाची?"

"माझी."

"मग करा. तारीख आजची टाका. मागची टाकली तर एकाच्या दोन चुका होतात."

त्यांच्या खुर्चीच्या हातावर वही ठेवून मी सही केली, खाली त्या दिवसाची तारीख घातली. त्यांनी वही जवळ ओढली. माझी नवी सही आणि वरच्या सह्या, एकेक करून ताडून बघितल्या. बराच वेळ.

"सही तीच हाय," ते म्हणाले. मग स्मिताला हाक मारली, "पोरी, चहा ठेव. ह्या ओळखीच्या हायेत."

त्या हिवाळ्यात नाना गेले. स्मिताचा फोन सकाळी आला, मी बसमध्ये होते. समोरचं घर अजून बंद आहे.

टोस्टर मी वापरते. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे दोन्ही बाजू भरते. एक सकाळी खाते, बसून. दुसरं डब्यात नेते आणि दुपारी अंबडला थंड खाते. वही संपली तेव्हा नवी आणली आणि पट्टीनं सहा रकाने आखले.

गेल्या महिन्यात संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात तापलेल्या पत्र्याचा वास होता. प्लग लावलेला, लाल दिवा चालू, सकाळपासून. 'गीझर, गॅस, गॅलरीचं दार' या ओळीत मीच 'टोस्टर' वाढवलेलं आहे आणि त्यापुढे त्या सकाळी बरोबरची खूणही केलेली होती. केल्याचं मला आठवत नव्हतं.

मी वही काढली. दोषाच्या रकान्यात लिहिलं, 'प्लग दिवसभर चालू. लक्षात नव्हतं.' काम करणाऱ्याची सही केली. दोष आधी ज्याचा त्याला दाखवायचा. तो मी बघितला. मग पेन तपासणाऱ्याच्या रकान्यापर्यंत नेलं आणि टोपण लावलं.